पेटंट दिल्यावर पुढे काय झालं, हे विचारणं सोडू नका: वाणिज्य मंत्रालय आणि पेटंट ऑफिसला खुलं पत्र

प्रति,
केंद्रीय वाणिज्य आणि उद्योग मंत्री, डीपीआयआयटीचे (उद्योग आणि अंतर्गत व्यापार प्रोत्साहन विभागाचे) सचिव,
आणि कंट्रोलर जनरल ऑफ पेटंट्स, बौद्धिक संपदा भवन, अँटॉप हिल, मुंबई

सप्रेम नमस्कार,

मार्च 2024 मध्ये तुमच्याकडून एकाच आठवड्यात दोन बातम्या आल्या. पहिली सगळीकडे झळकली, की पेटंट ऑफिसनं एका वर्षात एक लाखाहून जास्त पेटंट दिली. ते खरंच मोठं काम आहे, कारण 2014-15 मध्ये हाच आकडा जेमतेम सहा हजार होता आणि अर्ज टाकून लोक वर्षानुवर्षं वाट बघत बसायचे. दुसरी बातमी फारशी कुणी वाचलीच नाही. 15 मार्चला पेटंट नियमांमधली दुरुस्ती राजपत्रात आली आणि तिच्यात फॉर्म 27, म्हणजे पेटंट देशात वापरात आहे की नाही हे सांगायचा फॉर्म, दर वर्षाऐवजी तीन वर्षांतून एकदाच भरायचा असं ठरलं, आणि त्या फॉर्ममध्ये जे काय थोडंफार विचारलं जायचं तेही कमी झालं. हे पत्र त्या दुसऱ्या बातमीबद्दल आहे. पेटंट द्यायचा वेग सतरा पटीनं वाढला आणि त्या पेटंटचं देशात पुढे काय होतं हे बघायची जी एकमेव सरकारी सोय आपल्याकडे होती ती त्याच वेळी पातळ केली गेली, आणि या दोन्ही गोष्टी एकत्र होणं इनोव्हेशनसाठी वाईट आहे, हे मला सांगायचंय.

मी पुण्यात पेटंट सर्च आणि ड्राफ्टिंगचं काम करतो. माझ्याकडे येणारे बहुतेक भोसरी-चाकणचे छोटे कारखानदार, काही शेतीची अवजारं बनवणारे, कधी एखादा इंजिनिअरिंग कॉलेजचा प्राध्यापक. म्हणजे पेटंट जास्त निघाली तर माझा धंदा वाढतो. तरीही मी हे लिहितोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पेटंट म्हणजे सरकारनं 20 वर्षांसाठी दिलेली मक्तेदारी, आणि त्या बदल्यात कायद्याची अपेक्षा अशी की तो शोध या देशात वापरात यावा. पेटंट कायद्याचं कलम 83 हे अगदी स्वच्छ शब्दात सांगतं, की पेटंट हे नुसतं बाहेरून माल आणून विकायची मक्तेदारी म्हणून दिलेलं नाही. आणि कलम 146 प्रमाणे पेटंटधारकानं सांगायचं असतं की माझं पेटंट भारतात वापरात आहे की नाही, त्याचा फॉर्म म्हणजे हा 27 नंबरचा.

हे कलम कुणाच्या डोक्यात सहज आलेलं नाही हो. स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे 1911 चा ब्रिटिश कायदा चालू होता. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी 1959 मध्ये जो रिपोर्ट दिला त्यात चित्र असं होतं की देशातली ऐंशी-नव्वद टक्के पेटंट परदेशी लोकांकडे आहेत आणि त्यातली नव्वद टक्क्यांहून जास्त इथे वापरातच नाहीत. म्हणजे मक्तेदारी इथली, बाजार इथला, पण कारखाना नाही, तंत्रज्ञान नाही, शिकायला काही नाही. त्या रिपोर्टवरून 1970 चा कायदा आला, 20 एप्रिल 1972 पासून लागू झाला, आणि त्यात औषधांच्या बाबतीत प्रॉडक्टवर पेटंट बंद करून फक्त प्रोसेसवर ठेवलं, तेही पाच ते सात वर्षांसाठी.

पेटंट धोरण बदललं की इनोव्हेशनचं काय होतं, याचं आपल्या घरचं सगळ्यात मोठं उदाहरण हेच आहे. प्रॉडक्ट मोकळं होतं, त्यामुळे सगळी स्पर्धा पद्धतीवर आली, तेच औषध दुसऱ्या मार्गानं, कमी स्टेपमध्ये, स्वस्तात कसं बनवायचं. त्यातून आपल्याकडे प्रोसेस केमिस्ट्रीची एक अख्खी पिढी तयार झाली, पुण्याची एनसीएल, हैदराबादची आयआयसीटी अशा सरकारी लॅब आणि मुंबई-गुजरात-हैदराबादच्या कंपन्या यांच्यात ज्ञानाची देवाणघेवाण झाली, आणि 2001 मध्ये सिप्लाच्या युसूफ हमीद यांनी जगाला सांगितलं की एड्सची तीन औषधांची ट्रीटमेंट आम्ही वर्षाला 350 डॉलरला देतो, तेव्हा तीच ट्रीटमेंट दहा हजार डॉलरच्या वर जात होती. कायदा आणि हा दिवस यांच्यामध्ये जवळजवळ तीस वर्षं गेली. पेटंट धोरणाचा परिणाम पुढच्या बजेटमध्ये दिसत नाही, तो हळूहळू मुरतो, आणि म्हणूनच मधल्या काळात काय चाललंय याची नोंद ठेवणं इतकं महत्त्वाचं असतं.

मग डब्ल्यूटीओ ही जागतिक व्यापार संघटना आली, तिचा ट्रिप्स हा बौद्धिक संपदेचा करार आला, 2005 पासून औषधांवर पुन्हा प्रॉडक्ट पेटंट सुरू झालं. तेव्हा सांगितलं गेलं की आता भारतीय कंपन्या नवे रेणू, म्हणजे अगदी नवी औषधं, शोधतील. काही झालंही, झायडसचं सारोग्लिटाझार 2013 मध्ये बाजारात आलं, शोधण्यापासून विकण्यापर्यंत सगळं भारतात झालेला पहिला नवा रेणू. पण अशी नावं बोटावर मोजण्याइतकीच आहेत, कारण नवा रेणू नुसत्या पेटंट कायद्यातून येत नाही, त्याला वर्षानुवर्षं पैसा लागतो, आणि देशाचा संशोधनावरचा खर्च जीडीपीच्या 0.64 टक्क्याच्या आसपास अडकून बसलाय. तरी 2005 ला संसदेनं एक शहाणपण केलं, दोन-तीन सेफ्टी ठेवल्या. कलम 3(ड), म्हणजे जुन्याच औषधात गुण न वाढवता थोडा बदल केला तर त्याला नवं पेटंट नाही, ज्यावर 1 एप्रिल 2013 ला सुप्रीम कोर्टानं नोव्हार्टिस या स्विस कंपनीच्या ग्लिवेक या कॅन्सरच्या औषधाला पेटंट नाकारणारा निकाल दिला. प्री-ग्रँट ऑपोझिशन, म्हणजे पेटंट मिळायच्या आधीच कुणीही हरकत घेऊ शकतं. आणि आधीपासून असलेलं कम्पल्सरी लायसन्स, म्हणजे पेटंटधारकाच्या मर्जीविरुद्धही दुसऱ्याला ते बनवायची सरकारी परवानगी, ज्याचा कणा म्हणजे फॉर्म 27.

हा कणा कसा आहे ते नेक्साव्हारच्या केसमध्ये बघा, आणि ही ऑर्डर तुमच्याच मुंबई ऑफिसमधून निघालीय, 9 मार्च 2012, कंट्रोलर पी. एच. कुरियन. बायर या जर्मन कंपनीचं किडनी आणि लिव्हरच्या कॅन्सरवरचं औषध, महिन्याचा खर्च 2 लाख 80 हजारांच्या वर. नॅटको ही भारतीय कंपनी म्हणाली आम्ही 8,880 रुपयांत देतो. आता "औषध महाग आहे" असं नुसतं म्हणून लायसन्स मिळत नाही, सिद्ध करावं लागतं की लोकांची गरज भागत नाहीये, किंवा किंमत परवडत नाहीये, किंवा पेटंट इथे वापरात नाहीये. ते सिद्ध कशावरून झालं? बायरनं स्वतः भरलेल्या फॉर्म 27 वरून. किती माल आणला, केव्हा आणला, सगळं त्यांच्याच सहीनं, आणि त्यावरून दिसलं की गरज असलेल्या पेशंटपैकी दोनेक टक्क्यांपर्यंतच औषध पोचतंय. मुंबई हायकोर्टानं 2014 मध्ये ती ऑर्डर कायम ठेवली. आजपर्यंत देशात दिलं गेलेलं हे एकमेव कम्पल्सरी लायसन्स आहे. तो फॉर्म नसता तर नॅटकोनं आकडे कुठून आणले असते सांगा.

आता तोच फॉर्म आज कसा आहे. आधी त्यात किती नग बनवले, किती इम्पोर्ट केले, कुठल्या देशातून, किती किमतीचे, कुणाला लायसन्स दिलं, हे सगळं होतं. लोक तो नीट भरत नव्हते हे खरंय, निम्मे रकाने कोरे, कुणी लिहायचं की आमचं प्रॉडक्ट इतकं गुंतागुंतीचं आहे की सांगताच येत नाही, कुणी भरतच नव्हतं. म्हणूनच प्रा. शमनाद बशीर यांनी 2015 मध्ये दिल्ली हायकोर्टात जनहित याचिका केली होती, त्यांची मागणी होती की फॉर्म नीट भरून घ्या, न भरणाऱ्यावर कारवाई करा. 2018 मध्ये कोर्टानं सरकारला सुधारणा करायला सांगितलं, आणि सुधारणेच्या नावानं झालं उलटंच, 2020 च्या दुरुस्तीत नगांचा आकडा गेला, लायसन्सचा तपशील गेला, फक्त रुपयांतली किंमत राहिली. 2024 मध्ये तीही गेली. आता वापरात आहे की नाही एवढी टिक करायची, नसेल तर दिलेल्या कारणांमधून एक निवडायचं. मध्ये 2023 ला जनविश्वास कायदा आला, त्यानं खोटी माहिती दिल्याबद्दलची कैदेची तरतूदही काढली. बशीर सर 2019 मध्ये गेले, त्यांनी जे मागितलं होतं त्याच्या नेमकं उलट झालेलं आज दिसतंय याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आणि तीन वर्षांचं गणित तर बघाच. समजा एखाद्याला एप्रिल 2024 मध्ये पेटंट मिळालं. नियम म्हणतो मोजणी पुढच्या आर्थिक वर्षापासून, म्हणजे तीन वर्षांचा ब्लॉक झाला 2025-26 ते 2027-28. तो संपला 31 मार्च 2028 ला, त्यानंतर फॉर्म भरायला सहा महिने, म्हणजे 30 सप्टेंबर 2028. पेटंट मिळाल्यापासून जवळजवळ साडेचार वर्षं कुणालाच अधिकृतपणे कळणार नाही की हे पेटंट वापरात आहे की कपाटात, आणि कळेल तेव्हाही फक्त एक टिक कळेल. कम्पल्सरी लायसन्सचा अर्ज पेटंट मिळाल्यावर तीन वर्षांनी करता येतो असं कलम 84 म्हणतं. म्हणजे हक्क आधी मिळणार, आणि तो हक्क वापरायला लागणारी माहिती दीड वर्षानं मागून येणार, तीही आकड्यांशिवाय. याला अर्थ काय राहिला?

हे कशामुळे झालं याचाही अंदाज लोकांना आहे. 10 मार्च 2024 ला एफ्टा या चार युरोपीय देशांच्या गटाबरोबर व्यापार करार झाला, पाच दिवसांनी नियम बदलले. स्वित्झर्लंड त्यात आहे, आणि तिथल्या औषध कंपन्यांना आपला पेटंट कायदा कसा वाटतो हे ग्लिवेकनंतर सगळ्या जगाला माहीत आहे. स्वित्झर्लंडमध्ये स्वतःकडे औषधांच्या प्रॉडक्टवर पेटंट नव्हतं 1970 च्या दशकाच्या शेवटापर्यंत, आपली केमिकल इंडस्ट्री उभी राहीपर्यंत त्यांनी थांबून घेतलं. जुलै 2025 मध्ये ब्रिटनबरोबरच्या करारातही हाच मुद्दा आला. ठीक आहे, करार झालेत, दरवर्षी फॉर्म मागायचा नाही हे आता मान्य करावं लागेल. पण मी जेवढं वाचलंय त्यात किती माल, कुठे बनवला, कुणाला लायसन्स दिलं हे विचारायला बंदी मला दिसत नाही. गोपनीय असेल ते झाका, पब्लिकला दाखवू नका, पण निदान तुमच्या ऑफिसकडे तरी ते असू दे.

लोकांना वाटतं हा औषधांचाच विषय आहे. अजिबात नाही, माझ्या रोजच्या कामात तो वेगळ्याच ठिकाणी टोचतो. माझ्याकडे एक वर्कशॉपवाले आले होते, ट्रॅक्टर अटॅचमेंट बनवतात, त्यांनी कांद्याची पात कापणाऱ्या यंत्राचं डिझाईन केलं होतं, प्रोटोटाईप शेतात चालवून बघितला होता, एका शेतकऱ्यानं ॲडव्हान्सही देऊ केला होता. सर्च केला तर एक चालू पेटंट निघालं, क्लेम, म्हणजे पेटंटचा हक्क कुठपर्यंत आहे हे सांगणारी वाक्यं, बरेच मोघम, वाचलं तर यांचं यंत्र त्यात येतंही आणि येत नाहीही. आता प्रश्न साधा होता, ज्याचं पेटंट आहे तो हे बनवतो का? बनवत असेल तर त्याच्याशी बोलू, लायसन्स मागू, रॉयल्टी देऊ. तुमच्या साईटवर फॉर्म 27 काढला, वापरात नाही एवढंच, पुढे काहीच नाही. फोन केला तर एजंटचा नंबर, तो म्हणाला क्लायंट कळवतील, क्लायंटनी काही कळवलं नाही. यांनी शेवटी डिझाईन बाजूला ठेवलं, कारण उद्या नोटीस आली तर वकिलाचा खर्च प्रोटोटाईपपेक्षा जास्त. म्हणजे ज्याच्याकडे पेटंट आहे तो बनवत नाही आणि जो बनवू शकतो तो घाबरून बसला, आणि शेतात बायका अजून विळ्यानं पात कापतायत. मोठ्या कंपनीकडे लीगल डिपार्टमेंट असतं, ती धोका घेऊ शकते. भोसरीचा माणूस नाही घेऊ शकत. न वापरलेलं पेटंट हे त्याच्यासाठी वापरलेल्या पेटंटपेक्षा जास्त अवघड असतं, कारण त्याच्याशी बोलायलाच समोर कुणी नसतं.

आणि अशी न वापरलेली पेटंट आता किती वाढणार आहेत हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. 2021 मध्ये शिक्षणसंस्थांना फीमध्ये 80 टक्के सवलत दिली, चांगला निर्णय होता. पण त्याच वेळी एनआयआरएफ या शिक्षणसंस्थांच्या सरकारी रँकिंगमध्ये पेटंटला मार्क आहेत, आणि ते नुसत्या ग्रँट झालेल्या पेटंटला नाहीत, पब्लिश झालेल्या अर्जालाही आहेत. आता पब्लिश होण्यात काय असतं? अर्ज टाकला, सोबत लवकर पब्लिश करायचा फॉर्म 9 भरून अडीच हजार रुपये भरले की थोड्याच दिवसात अर्ज जर्नलमध्ये येतो. तोपर्यंत एक्झामिनरनं तो उघडूनही बघितलेला नसतो. तरी कॉलेजला मार्क, प्राध्यापकाला प्रमोशनचा पॉईंट, आणि गेटवर फ्लेक्स. मला दर जानेवारी-फेब्रुवारीत फोन येतात, सर मार्चच्या आत पब्लिश करून द्या, विषय कुठलाही चालेल. "विषय कुठलाही चालेल" हे वाक्य मी खरंच ऐकतो, मुलांच्या प्रोजेक्टला दोन आयओटी सेन्सर लावायचे, एआय शब्द टाकायचा, सहा-सात नावं इन्व्हेन्टर म्हणून घालायची. त्यातली काही प्राध्यापक मंडळी खरंच चांगलं काम करणारी असतात आणि त्यांचे खरे अर्ज या ढिगात सापडेनासे होतात, एक्झामिनरचा वेळ जातो तो वेगळाच.

चीननं हे आपल्या आधी भोगलंय. तिथे अर्जाला सबसिडी होती, त्यातून पेटंटचा पूर आला, जगात पहिला नंबर आला, आणि मग त्यांच्याच पेटंट ऑफिसनं जानेवारी 2021 मध्ये जाहीर केलं की अर्जाच्या टप्प्यावरची सगळी सबसिडी जूनअखेर बंद आणि बाकीची 2025 पर्यंत बंद, कारण संख्या आली पण दर्जा आला नाही हे त्यांनाच दिसलं. आपण त्याच रस्त्यावर उशिरा निघालोय, निदान त्यांनी कुठून यू-टर्न घेतला ते तरी बघूया.

तुमच्याकडून येणारं उत्तर मला माहीत आहे, कम्प्लायन्सचा बोजा कमी करायचा होता, ईज ऑफ डुइंग बिझनेस. बोजा खरंच आहे, माझ्याच छोट्या क्लायंटना दरवर्षी फॉर्म भरायला मी पैसे घेत होतो, त्यांना ते जड जायचं. पण मग छोट्यांना सूट द्या ना, एका माणसाला, स्टार्टअपला, छोट्या युनिटला दोन ओळींचा फॉर्म ठेवा. ज्या कंपनीकडे शेकडो पेटंट आहेत आणि ज्या दरवर्षी ऑडिटेड हिशोब देतात, कस्टममध्ये नगानगाची नोंद देतात, त्यांना तीन वर्षांतून एकदा चार आकडे द्यायला कसला बोजा? मक्तेदारी देणारा समाज आहे, त्यानं एवढं विचारणं म्हणजे त्रास देणं नव्हे.

प्री-ग्रँट ऑपोझिशनबद्दल मी लांबण लावत नाही, पण एक सांगायलाच हवं. बेडाक्विलिन या टीबीच्या औषधाच्या पेटंटची मुदत वाढू नये म्हणून 2019 मध्ये ज्या दोघींनी हरकत घेतली त्या मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले, दोघींनी टीबीच्या जुन्या औषधांमुळे आपली श्रवणशक्ती गमावली होती. मार्च 2023 मध्ये तुमच्या ऑफिसनं ती हरकत मान्य करून कंपनीचा अर्ज फेटाळला, नाहीतर मक्तेदारी 2027 पर्यंत गेली असती, आणि त्यानंतर जेनेरिक आलं. आज तशी हरकत घ्यायची तर आधी फी, साध्या माणसाला चार हजार, संस्थेला वीस हजार, आणि मग ती ऐकायची की नाही हे कंट्रोलर ठरवणार. खोट्या नावानं हरकती टाकून अर्ज लटकवणारे लोक आहेत, मी बघितलेत, त्यांचा बंदोबस्त हवाच. पण तो करताना पेशंट आणि पेशंटच्या संस्थांना फीमधून वगळणं काही अवघड नव्हतं आणि अजूनही नाही.

तर मागणी अशी आहे. फॉर्म 27 तीन वर्षांचाच राहू दे, पण त्यात प्रत्येक वर्षाचा वेगळा रकाना करा, आणि किती बनवलं, किती इम्पोर्ट केलं, साधारण किती किमतीचं, लायसन्स दिलंय का, हे परत आणा, नेमका आकडा नको असेल तर शून्य ते दहा लाख, दहा लाख ते एक कोटी असे टप्पे ठेवा. पहिला ब्लॉक पेटंट मिळालेल्या वर्षापासूनच मोजा, म्हणजे ते साडेचार वर्षांचं प्रकरण थोडं तरी आटोक्यात येईल. ज्याचं पेटंट वापरात नाही त्यानं लायसन्ससाठी विचारणा आली तर ठरलेल्या मुदतीत हो किंवा नाही असं लेखी उत्तर द्यायचं, आणि नाही दिलं तर ते फाईलवर दिसायचं. शिक्षण मंत्रालयाशी बोलून एनआयआरएफमधून पब्लिश झालेल्या अर्जाचे मार्क काढून टाका आणि ते मार्क लायसन्स झालेल्या किंवा प्रत्यक्ष वापरात आलेल्या पेटंटला द्या, आणि हे करायला तर कायदाही बदलावा लागत नाही.

नव्या नियमाप्रमाणे पहिला ब्लॉक आहे 2023-24 ते 2025-26, त्याची मुदत 30 सप्टेंबर 2026. त्या फॉर्ममधून जे काय येईल ते निदान एकत्र करून छापा. कुठल्या क्षेत्रात किती पेटंट वापरात, किती नाहीत, कॉलेजांची किती, कंपन्यांची किती, परदेशी किती, देशी किती. एक लाखाचा आकडा जसा प्रेस रिलीजमध्ये दिलात तसाच हाही द्या. आकडा वाईट आला तरी द्या, आम्ही त्यावर तुम्हाला शिव्या घालणार नाही, तो बघून आमच्यासारखे लोक वर्कशॉपवाल्यांना सांगू शकतील की या या विषयात जा, इथे जागा मोकळी आहे आणि इथे लायसन्स मागता येईल.

आपला,
पुण्याचा एक पेटंट ड्राफ्टिंग करणारा